तंबोरा मुद्दाम काढला

आमच्या गटाला एक इंग्रजी नाव होतं. ते इथे लिहीत नाही, कारण अजूनही कानशिलं तापतात. एवढंच सांगतो, की त्या नावाच्या शेवटी एक टिंब होतं, आणि ते असावं की नसावं यावर आम्ही पाच जणांनी एका रविवारची अख्खी सकाळ घालवली होती. पाचही जण दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं गुरूंपुढे मांडी घालून बसलेले. टिंब राहिलं.

मोबाइलवरचं इंटरनेट एकाएकी स्वस्त झालं, त्या सुमाराची ही गोष्ट. पुण्यात ज्याला त्याला आयटीत नोकरी लागून गेली होती, फ्लॅट झाले होते, अमेरिकेच्या वाऱ्या झाल्या होत्या, आणि आता लोकांना कला आठवायला लागली होती. आम्हाला ती जरा जास्तच आठवली. आमचं म्हणणं असं, की शास्त्रीय संगीत सतरंजीवरून उचलून इंटरनेटवर नेलं पाहिजे, आणि तेही साधंसुधं नाही, प्रयोग करून.

गटाची मालकीण म्हणावी अशी आमची गायिका. ती आणि मी एकाच गुरुजींचे शिष्य. गळा खरोखर सुरेल, पण नवऱ्याच्या प्रोजेक्टपायी दोन वर्षं अमेरिकेत राहून आल्यापासून 'मैफल' म्हटलं की ती नाक मुरडायची. तबलजी हिंजवडीत सॉफ्टवेअर इंजिनिअर. रेकॉर्डिंग आणि एडिटिंग तोच करायचा, कारण त्याच्याकडे सॉफ्टवेअर होतं आणि त्यानं ते कसं वापरायचं हे वाचलेलंही होतं. सतारवाल्यानं बारा वर्षं सतार शिकून कॅमेरा घेतला होता. त्यानंतर सतार ही त्याच्या लेखी फक्त फ्रेममध्ये बरी दिसणारी वस्तू उरली. व्हायोलिनवाला बहुतेक वेळ 'करेक्ट' म्हणायचा. आणि मी पेटीवाला. पेटी म्हणायचं नाही असं ठरलं होतं, संवादिनी म्हणायचं.

प्रयोग काय करायचो तेही सांगून टाकतो. लिफ्टमध्ये उभं राहून तळमजल्यापासून अकराव्या मजल्यापर्यंत आरोह, आणि उतरताना अवरोह. कात्रजच्या तळ्याकाठी व्हायोलिनवाल्यानं अर्धा तास एकच सूर लावला आणि आम्ही तो व्हिडिओ उलटा चालवला. एकदा स्टीलच्या पिंपात मोबाइल सोडून तराणा रेकॉर्ड केला. खाली लोक लिहायचे, अंगावर काटा आला. आम्ही त्या लोकांची टर उडवायचो. ज्यांना व्हिडिओ कळला नाही ते आमच्या मते मठ्ठ होते, आणि ज्यांना आवडला तेही मठ्ठच, कारण त्यांना तो कळला असण्याची शक्यता नव्हती. रविवारी सकाळी नाट्यगृहात जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांना जाणारी जी मंडळी, ती तर आमच्या हिशेबी माणसातच जमा नव्हती. माझे आईवडील दोघेही त्यातले.

मग गायिकेच्या डोक्यात तळघर आलं. खराडीत एक आयटीची इमारत अर्धी बांधून झाली होती, तिचा बिल्डर तिच्या नवऱ्याच्या ओळखीचा. खालच्या दोन मजली पार्किंगमध्ये बसून विलंबित ख्याल गायचा, सगळीकडे नुसतं काँक्रीट. यात तंबोरा हवा, असं सतारवाल्यानं सांगितलं. खरा, भोपळ्याचा. आम्ही एरवी इलेक्ट्रॉनिक तंबोरा वापरायचो, तो पावाच्या लादीएवढा डबा. काँक्रीटपुढे तो डबा वाईट दिसला असता. म्हणजे खरा तंबोरा हवा होता तो दिसायला, हे मला त्याच दिवशी नीट कळलं होतं. तरीही मी म्हणालो, मी ताईंना विचारतो.

ताई माझी गुरुभगिनी, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. माहेर कसबा पेठेतलं, वडील पोस्टात. लग्न होऊन गेली लोणी काळभोरला, शेती, गोठा आणि मोठं खटलं अशा घरी. तिथून आठवड्यातून दोनदा बसनं गुरुजींच्या माडीवर यायची. गुरुजींनी तिसऱ्याच वर्षी तिला तोंडावर सांगितलं, की तुझा गळा मैफलीचा नाही. दुसरी कुणी असती तर रडून घरी बसली असती. हिनं विचारलं, मग मी काय करू. गुरुजी म्हणाले, तंबोरा धर. तो तिनं वीस वर्षं धरला. तंबोरा वाजवणं म्हणजे चार तारा एकामागून एक छेडत राहणं, ते कुणालाही येतं असं आम्हा पोरांना वाटायचं. पण दुसरं कुणी मागे बसलं की गुरुजी दहा मिनिटांत मान वळवून बघायला लागायचे, आणि ताई असली की एकदाही वळायचे नाहीत. कार्यक्रमाच्या शेवटी निवेदक तबल्याचे आभार मानायचा, पेटीचे मानायचा, मग माइकवाल्यांचे आणि मांडववाल्यांचे. ताईचे मानायचं हमखास राहून जायचं. तिला त्याचं काही वाटत नसावं असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

गुरुजी गेल्यावर तिचं पुण्यात येणं थांबलं. घरी पहाटे मागच्या खोलीत बसून एकटीच वाजवायची. सासरच्यांचं तिच्यावर प्रेम होतं, त्रास कसलाच नव्हता. पण पोथी वाचणाऱ्या बाईला जसं कुणी काही विचारत नाही, तसंच हिच्या तंबोऱ्याबद्दल कुणी विचारत नसे. मैफलींना नवरा कधी आला नाही, कारण धारा काढायची वेळ आणि मैफल सुरू व्हायची वेळ एकच.

मी लोणीला जाऊन तिला सगळं सांगितलं. तळघर, कॅमेरा, प्रयोग. तिनं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली.

"तंबोरा नीट ऐकू येईल ना त्यात? आमच्याकडचं कुणी कधी मैफलीला आलं नाही रे. मी घरी एकटी वाजवते ते निराळं. त्याच्यावर कुणी गायला लागलं की तंबोरा काय करतो, हे यांना माहीतच नाही. एकदा ऐकवायचंय."

मी म्हणालो, "ताई, अंगावर येईल तुमचा तंबोरा. मी सांगतो ना."

त्यानंतर ती चार वेळा लोणीहून कसब्यात आली. तिथे एक म्हातारे कारागीर आहेत, त्यांच्याकडून जवारी काढून घेतली. जवारी म्हणजे तारेखाली दोरा अचूक जागी बसला की तंबोऱ्याला जी गुंजणारी धार येते ती. एकदा काढून दिलेली तिला पसंत पडली नाही, म्हणून ती परत गेली. आमच्यातलं कुणी व्हिडिओसाठी चार वेळा कुठे गेलं नव्हतं. लिफ्टचा व्हिडिओ तर आम्ही ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत उरकला होता.

शूटिंगच्या दिवशी ताई करड्या साडीत आली. सतारवाल्यानं कळवलं होतं, की काठापदराचं काही नेसू नका, काँक्रीटमध्ये मिसळून गेलं पाहिजे. तसली साडी तिच्याकडे नव्हती, तिनं सुनेची आणली. वरच्या मजल्यावर बांधकामासाठी जनरेटर चालू होता, त्याची घरघर तळघरात येत होती. तबलजी म्हणाला, काळजी नको, ती नंतर काढता येते. ताईनं तंबोरा लावायला पाऊण तास घेतला. सतारवाला दोनदा घड्याळाकडे बघून म्हणाला, की हे घरून लावून आणता आलं असतं. ती शांतपणे म्हणाली, की इथे ओल आहे, तारा उतरतात.

मग गाणं झालं. अकरा मिनिटं, एका दमात. त्या अकरा मिनिटांबद्दल मला एकही तिरकस वाक्य सुचत नाही. गायिका अमेरिका विसरली, तबलजी फोन विसरला, आणि मी पेटी वाजवताना मध्येच थांबलो, कारण त्या तंबोऱ्यात मी भर घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. गुरुजी गेल्यानंतर असं मला पहिल्यांदा वाटलं. संपल्यावर सतारवाला म्हणाला, ताई, तुमच्या बोटांचं टेक्स्चर फार छान आलंय.

एडिटिंग गायिकेच्या कात्रजच्या फ्लॅटमध्ये चालायचं. तिथल्या एका खोलीला आम्ही स्टुडिओ म्हणायचो. तबलजीनं पंधरा दिवस संध्याकाळी बसून काम केलं आणि शेवटी आम्हा सगळ्यांना ऐकायला बोलावलं. चांगले स्पीकर होते. गायिकेनं कॉफी केली. कपाटावर तो इलेक्ट्रॉनिक डबा नेहमीसारखा बारीक आवाजात चालू होता, तिच्या घरी तो सकाळी लागायचा तो झोपतानाच बंद व्हायचा. आमच्यासारख्यांच्या घरी अशीच पद्धत असते. आम्ही पाचही जणांनी डोळे मिटून व्हिडिओ ऐकला, एकदा नाही, चारदा. डोळे मिटून ऐकण्यात आमचा हात धरणारं कुणी नव्हतं. शेवटी गायिका म्हणाली, काय क्लीन साउंड आहे. व्हायोलिनवाला म्हणाला, करेक्ट. मीही मान हलवली.

शनिवारी संध्याकाळी व्हिडिओ चॅनेलवर टाकला आणि रविवारी सकाळी अकराला बाणेरच्या एका कॅफेत वरच्या मजल्यावर त्याचं अनावरण ठेवलं. मोठा पडदा, मोठे स्पीकर, बसायला रंगीत गाद्या आणि भुसा भरलेल्या पोत्यांसारख्या त्या मऊ बैठका. रात्रीतून परदेशातल्या कुणा समीक्षकानं व्हिडिओ आपल्या पानावर टाकला होता, त्यामुळे आकडा भराभर चढत होता आणि आम्हाला आकाश ठेंगणं झालं होतं.

ताई घरच्यांना घेऊन आली. जीपभरून माणसं. नवरा, मुलगा, सून, जाऊबाई, दोन पुतण्या. तिनं घरी कुणाला मोबाइलवर व्हिडिओ लावू दिला नव्हता, स्वतःही ऐकला नव्हता. पहिल्यांदा मोठ्या स्पीकरवरच ऐकायचा असं तिनं ठरवलं होतं. या वेळी ती तिची स्वतःची साडी नेसली होती, हिरवी, काठाची. नवरा पांढरी टोपी आणि नवा सदरा घालून आला होता. त्यांना त्या पोत्यात बसता येईना. बसले की मागे कलंडायचे. शेवटी ते भिंतीला टेकून उभे राहिले. ते बघून मी आणि व्हायोलिनवाला तोंडावर हात धरून हसलो. हसलो ते मला स्वच्छ आठवतंय.

व्हिडिओ सुरू झाला. पडद्यावर ताईचा हात, अख्ख्या पडद्याएवढा मोठा, तारेवरून सरकणारा. आणि आवाज काहीच नाही. मग गायिकेचा पहिला षड्ज आला, उघडा, कशाचाही आधार नसलेला. पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं झालं. मला वाटलं स्पीकर बिघडलाय. तबला येत होता, माझी पेटी येत होती, गायिकेचा श्वाससुद्धा येत होता. तंबोरा तेवढा नव्हता. मी तबलजीकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. गायिका समोर बघत होती आणि तिच्या मानेवरची शीर ताठ झाली होती. पाचही जणांना एकाच वेळी कळलं होतं, आणि पुढची साडेदहा मिनिटं आम्ही तसेच बसून राहिलो.

झालं होतं ते असं. जनरेटरची घरघर काढायला ते सॉफ्टवेअर नमुना मागतं. ज्यात फक्त घरघर आहे असा एक तुकडा दाखवा, तेवढं मी सगळीकडून पुसून टाकतो. तबलजीनं गाणं सुरू होण्याआधीचे पाच सेकंद दाखवले. त्या पाच सेकंदांत ताईचा तंबोरा चालू होता, तो नेहमी आधीच सुरू होतो. पण गाणं सुरू व्हायचंय म्हणजे काहीच सुरू नाही, अशी आमची समजूत. दुसऱ्या कुणी अडाण्यानं तो तुकडा निवडताना ऐकलं असतं, की अरे, इथे काहीतरी वाजतंय. तयारीच्या माणसाला ती शांतता वाटली. सॉफ्टवेअरनं जनरेटर आणि तंबोरा दोन्ही मिळून घरघर समजून पुसले. आणि आम्ही चारदा ऐकलं तेव्हा कपाटावरचा डबा गायिकेच्याच पट्टीत गुणगुणत होता. आम्ही ऐकला तो तंबोरा त्या डब्याचा.

व्हिडिओ संपला. टाळ्या पडल्या. ताई टाळ्या वाजवत नव्हती. तिचा उजवा हात मांडीवर होता आणि बोटं अजून हळूहळू हलत होती. गायिका माइक घेऊन उभी राहिली आणि कुणाला प्रश्न असतील तर विचारा म्हणाली. जीन्समधल्या दोघातिघांनी प्रोसेसबद्दल विचारलं. मग भिंतीपाशी उभ्या असलेल्या ताईच्या नवऱ्यानं हात वर केला.

"आमच्या मंडळींच्या हातात तंबोरा हाय, दिसतुया. त्याचा आवाज का येत न्हाई? मी रोज पहाटं गोठ्यातनं ऐकतुया त्यो. ह्याच्यात कुटंच न्हाई."

चार-दोन जण हसले. हसणाऱ्यांपैकी एकालाही तंबोरा नसल्याचं लक्षात आलं नव्हतं. इतकी वर्षं जो माणूस एकाही मैफलीला आला नाही, ज्याच्यावर मी अर्ध्या तासापूर्वी हसत होतो, त्या एकट्याला ते ऐकू आलं होतं. आता गायिका सांगून टाकेल, असं मला वाटलं. सरळ सांगितलं असतं, की चूक झाली, तर काय झालं असतं? चहा पिऊन लोक घरी गेले असते.

"ते कॉन्शस डिसिजन होतं, काका," गायिका म्हणाली. "तंबोरा दिसतो, पण ऐकू येत नाही. परंपरा समोर आहे, पण सायलेंट आहे. तुम्हाला ते खटकलं ना? तेच हवं होतं आम्हाला."

हॉलमध्ये असा काही हुंकार उठला, की जणू त्यांना मोक्षच मिळाला. या वेळच्या टाळ्या आधीपेक्षा मोठ्या होत्या. काकांनी मान डोलावली, समजल्यासारखी नाही, मोठ्या माणसांच्यात जास्त बोलू नये म्हणून डोलावतात तशी. सुनेनं मोबाइल पर्समध्ये ठेवला. ताई उठून माझ्याकडे आली आणि म्हणाली, की गाडीची वेळ झाली, आम्ही निघतो. गाडी त्यांचीच होती, तिला कसली वेळ. पडद्याशेजारी मांडायला म्हणून तंबोरा मी आदल्या दिवशी लोणीहून आणला होता; जीपमध्ये त्याला जागा नव्हती, म्हणून तो माझ्या गाडीत राहिला.

खाली कॅफेत आम्ही पाच जण बसलो. मूळ रेकॉर्डिंग तबलजीच्या कॉम्प्युटरवर जसंच्या तसं होतं. तंबोरा परत आणायला दोन तासांचं काम. पण चॅनेलवर चढलेल्या व्हिडिओतला आवाज बदलता येत नाही. जुना काढायचा, नवा टाकायचा. म्हणजे आकडा पुन्हा शून्यावर, आणि त्या परदेशी समीक्षकानं टाकलेली लिंक मेली. शिवाय त्यानं नेमकं लिहिलं होतं, की आवाजातली ही पोकळी धाडसी आहे. गायिका म्हणाली, की खरं सांगायचं तर हे जास्त चांगलं झालंय. सतारवाला म्हणाला, की नकळत आपल्या हातून काहीतरी मोठं घडलं. तबलजी सुटल्यासारखा दिसत होता. हात वर करून ठरवलं. मी पोटासाठी एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो, दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांची यादी करणं हेच माझं काम. सापडलेली चूक दडवली तर मला घरी पाठवतील. व्हिडिओ आहे तसाच ठेवावा, यासाठी मी हात वर केला. पाचातला पाचवा.

व्हिडिओखाली मग एक परिच्छेद चढला, न वाजणाऱ्या तंबोऱ्याविषयी. तो वाचून लोकांना तंबोरा वाजत नसल्याचं ऐकू यायला लागलं. एकीनं लिहिलं, की त्या मुक्या तारा बघून डोळ्यांत पाणी आलं. दोन महाविद्यालयांनी आम्हाला बोलायला बोलावलं, आणि गायिकेनं तिथे जाऊन 'अनुपस्थितीचा नाद' या विषयावर तारे तोडले. मी शेजारी बसून मान डोलावत होतो.

तंबोरा पोचवायला मी आठवड्यानं लोणीला गेलो. रविवार होता, सकाळचे दहा. ताई ओसरीवर गवार मोडत बसली होती. तंबोरा आत नेऊन ठेवला, तिनं चहा टाकला, आणि मी जायच्या घाईत असल्यासारखा ओसरीच्या कडेलाच टेकलो. घरात त्या वेळी कुणी नव्हतं. ती परत गवारीपाशी बसली आणि वर न बघता बोलली.

"एक विचारू? खरं सांगशील? ते मुद्दामच होतं ना?"

मला वाटलं, ही आता रागावणार. मला ते चाललं असतं. खरं सांगायचं माझ्या ओठांवर आलंही होतं, असं मी स्वतःला गेली कित्येक वर्षं सांगत आलोय. पण मी म्हणालो, "हो ताई. आधी ठरलं होतं. तुम्हाला सांगायचं राहून गेलं."

तिनं हातातली शेंग मोडली आणि मोठा श्वास सोडला.

"बरं झालं. मला आठ दिवस झोप नाही रे. मला वाटलं, तुम्हाला ऐकूच आलं नाही. पाच जण, त्यातले दोघं गुरुजींचे. तंबोरा गेलेला तुम्हाला कळलाच नसता, तर गुरुजींनी जन्मभर काय केलं म्हणायचं? मला काढलंत तर काढलंत. त्याचं काही नाही."

एवढ्यात काका मागच्या दारानं आले. हातपाय धुऊन खांद्यावरच्या पंच्याला पुसत समोर बसले. त्यांनी मला काहीच विचारलं नव्हतं. ताईनंच त्यांना सांगितलं, की बघा, हा पण तेच म्हणतोय, ते मुद्दाम होतं. आणि पुढे, माझ्याकडे न बघता म्हणाली, की मला विचारूनच केलं होतं, मीच त्या दिवशी गोंधळात विसरले.

काका तिच्याकडे बघत राहिले. तिचा स्वभाव त्यांना माहीत होता, विसरणारी बाई ती नव्हे. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हिला इचारलं व्हतं?"

"हो," मी म्हणालो.

"मंग झालं," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. मी दोन बिस्किटं चहात बुडवून खाल्ली. ताईनं निघताना गवारीची पिशवी भरून दिली, ती घेतली आणि गाडी सुरू केली.